बेळगावच्या पोरांनो, वाळूत गाडी चालवायला अशी शिका

आपल्याकडची बरीच पोरं दुबई-शारजात आहेत, खानापूर, नंदगड, निपाणी, अथणी, कुठला ना कुठला गाववाला प्रत्येक बिल्डिंगीत भेटतोच, आणि दोन-तीन वर्षं झाली हातात थोडा पैसा खेळायला लागला की पहिलं काम म्हणजे सेकंडहँड फोर बाय फोर. जुनी पजेरो, एक्सटेरा, नाहीतर प्राडो. मग पुढच्याच सुट्टीला एक मित्र शेजारी बसवून सरळ वाळूत. आणि दुपारी मला फोन, "अण्णा, गाडी रुतलीया, चाकं नुसती फिरालीत, काय करू?" असे फोन मागच्या हिवाळ्यात तीन आले, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. कुणी जाणार असेल तर त्याला पाठवा.

आधी माझं सांगतो. मी उद्यमबागमध्ये फाउंड्रीत मोल्डिंगला होतो, सात वर्षं. मग शारजाला आलो. म्हणजे वाळू माझ्या ओळखीचीच. फाउंड्रीत आपण वाळूत बेंटोनाइट (कण धरून ठेवणारी चिकणमाती) आणि साधारण तीन-चार टक्के पाणी मिसळतो, मूठभर घेऊन दाबायची, बोटांचे ठसे उमटले आणि मोडली तर स्वच्छ मोडली की समजायचं सँड तयार. वाळवंटात पण मी पहिली हीच टेस्ट करतो. सकाळी सहा-साडेसहाला गाडीतून उतरायचं, मूठभर वाळू दाबायची. दव पडलेलं असलं की ती क्षणभर तरी मुठीत गोळा राहते, त्या वाळूवर गाडी छान चालते. अकरानंतर तीच वाळू बोटांतून पाण्यासारखी निसटते, कारण ओल गेली आणि वाऱ्यानं घासून घासून कण गोल गुळगुळीत झालेले, एकमेकांना धरतच नाहीत. त्यामुळं नवीन माणसानं सकाळीच जायचं, आणि सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नवख्यानं वाळूत पाय ठेवायचा नाही, पंचेचाळीसच्या वर ऊन असतं, फावडं घेऊन दहा मिनिटं उकरलं तरी माणूस आडवा होतो.

क्लब कसा बघायचा

एकट्यानं जायचं नाही. दोन गाड्या घेऊन दोघं नवीन असाल तर ते पण एकट्यानं गेल्यासारखंच आहे, कारण दोघंही अडकता आणि दोघांनाही काही कळत नाही. तिकडं ऑफ-रोड क्लब भरपूर आहेत, बरेचसे हौशी लोकांचे, पैसे घेत नाहीत किंवा अगदी कमी घेतात, आणि ड्राइव्हला लेव्हल असतात. अगदी नवख्यांची वेगळी, थोडं येतंय त्यांची वेगळी, मग मधली, मग अवघड. तुम्ही इथं कितीही वर्षं चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटात गाडी चालवली असली तरी नवख्यांच्या ड्राइव्हलाच नाव द्या. घाटातला हात वाळूत उपयोगी पडत नाही, उलट घाटाची सवय म्हणजे ब्रेक आणि स्टेअरिंग, आणि वाळूत नेमकं त्याच दोन गोष्टींनी लोक गोत्यात येतात.

क्लब चांगला का वाईट हे ओळखायला मी एवढंच बघतो. लीड म्हणजे पुढची गाडी कुणाची आणि स्वीप म्हणजे सगळ्यात मागची गाडी कुणाची, दोघंही अनुभवी पाहिजेत. नवखे किती, आठ-दहाच्या वर असतील आणि मधे एकही जाणता नसेल तर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी अडकला की बाकीचे काय करतात. फावडं घेऊन उतरतात का मोबाईल काढून व्हिडिओ काढत हसतात? हसणाऱ्यांच्यात तुम्ही शिकणार नाही, कारण तुम्ही अडकायला घाबराल, आणि अडकायला घाबरलेला माणूस एकतर फार हळू जातो नाहीतर फार जोरात. दोन्ही वाईटच.

माझ्या चौथ्या ड्राइव्हला शारजाकडच्या मलीहाजवळ, फॉसिल रॉक नावाच्या खडकाच्या अलीकडं, मी एका टेकाडावर सरळ चढायचं सोडून घाबरून तिरका घेतला. गाडी खालच्या अंगाला घसरली, मी स्टेअरिंग वर ओढलं (अगदी चूक), आणि पुढचा डावा टायर रिममधून सुटला. गाडी अशी कलली की माझ्या बाजूच्या खिडकीतून नुसती वाळू दिसत होती. आमचा लीड साठीच्या आसपासचा एक इंजिनिअर माणूस. त्यानं रेडिओवर सगळ्यांना थांबवलं, चालत आला, एक शब्द बोलला नाही, आधी मला वरच्या दारानं बाहेर काढलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि वाळूवर बसवलं. मग वरच्या अंगाला दुसरी गाडी लावून माझ्या गाडीला पट्टा बांधून ठेवला. आणि म्हणाला, आता तू उकर, वरच्या बाजूच्या चाकांखालची वाळू काढ म्हणजे गाडी आपोआप सरळ बसेल, खालच्या बाजूला कुणीही जायचं नाही. चाळीस मिनिटं गेली. गाडी निघाल्यावर घरी नाही पाठवलं, एका लहान टेकाडावर नेलं आणि सरळ चढायचं, सरळ उतरायचं, पाच वेळा करून घेतलं. असा क्लब मिळाला की सोडू नका.

गाडी आणि सामान

गाडी खरी फोर बाय फोर पाहिजे, लो गिअर असेल तर उत्तम, आणि पोटाखाली जागा पाहिजे. टायरची बाजू म्हणजे साइडवॉल उंच हवी, शोभेच्या मोठ्या अलॉयवर पातळ टायर असतील तर ते आधी बदला. मड टायर घ्यायची हौस करू नका, ते चिखलाला, वाळूत ते उकरत खाली जातात. साधे ऑल टेरेन बास. पुढं आणि मागं दोन्हीकडं रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायचा पट्टा अडकवायची जागा पाहिजे, चासीला पक्का बोल्ट केलेला. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवायचा नाही, ओढताना तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो, त्यानं माणसं मेलीत.

सामानात फावडं, टायर गेज, चांगला कॉम्प्रेसर, वॉकीटॉकी, उंच काठीवरचा झेंडा (टेकाडापलीकडून येणाऱ्याला आधी झेंडा दिसतो, गाडी नंतर), माणशी पाच लिटर पाणी, फुल टाकी, आणि जॅकखाली ठेवायला एक जाड लाकडी फळी. फळी विसरू नका, तिच्याशिवाय वाळूत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. ओढायचा पट्टा चांगला घ्या. मी पहिला पट्टा एका दुकानातून स्वस्तात घेतला, दोन्ही टोकांना लोखंडी हूक होते, आमच्या स्वीपनं तो बघितला आणि सरळ बाजूला ठेवायला लावला. हूक सुटला तर काच फोडून आत येतो. बिनहुकाचा पट्टा आणि शॅकल (पट्टा जोडायची कडी) घ्या. आत गाडीत काहीही सुटं नको, टूलबॉक्स, पाण्याचे कॅन सगळं बांधून टाका. इन्शुरन्सच्या कागदात ऑफ-रोड कव्हर आहे का तेही बघून घ्या, बऱ्याच पॉलिसीत नसतं.

हवा, हवा आणि हवा

सगळ्या शिकवणीत निम्मं काम हवेचं आहे. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असते, वाळूत उतरायच्या आधी ती १२ ते १५ वर आणायची, नवखा असाल तर १५ पासून सुरू करा. का ते समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. गाडीचं वजन तेवढंच आहे, हवा निम्मी केली की तेच वजन पेलायला टायर साधारण दुप्पट जागा घेतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो. म्हशीचा खूर चिखलात रुततो आणि उंटाचा पसरट पाय वाळूवर राहतो, तेच. एकदा करून बघा, ३५ वर वाळूत उमटलेला ठसा आणि १५ वरचा ठसा शेजारी शेजारी बघा, पहिला तळहाताएवढा वाटतो आणि दुसरा लांबलचक पावलासारखा.

हायवेवरून आल्या आल्या टायर तापलेला असतो तेव्हा गेज दोन-चार पॉइंट जास्त दाखवतं, म्हणून दहा मिनिटं थांबा, चहा प्या, मग हवा काढा आणि चारी टायर सारखे करा. आणि हवा कमी केली की गाडी बदलते हे लक्षात ठेवा. जोरात वळण घेतलं की टायर रिममधून सुटू शकतो, जितकी हवा कमी तितका धोका जास्त. अडकल्यावर तात्पुरती १० पर्यंत आणता येते, पण निघाल्यावर परत भरायची.

चालवताना

फोर व्हील हायमध्ये टाका, ट्रॅक्शन कंट्रोल बंद (नाहीतर ऐन चढात तो इंजिनचा जोर काढून घेतो), ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर. अंगठे स्टेअरिंगच्या आत घालायचे नाहीत, चाक दणका खाल्लं की स्टेअरिंग फिरतं आणि अंगठा मोडतो.

वाळूच्या टेकाडाला दोन बाजू असतात. वारा येतो ती बाजू सौम्य, १०-१५ अंशांची. पलीकडची बाजू जिथं वाळू ओघळून पडते ती ३२-३४ अंशांची. बांधकामावर कोरड्या वाळूचा ट्रक ओततात, ढीग ज्या उतारावर येऊन थांबतो तोच हा उतार, त्यापेक्षा उभी कोरडी वाळू राहतच नाही. आपण नेहमी सौम्य बाजूनं चढायचं. चढायच्या आधी सपाटीवर वेग घ्यायचा, चढावर नाही, चढावर अॅक्सिलरेटर दाबत गेलात की चाकं फिरतात आणि खाली जातात. सरळ चढायचं, नाक शेंड्याकडं, आणि शेंडा अगदी जवळ आला की पाय हलका करायचा. हा पाय हलका करणंच शिकायला वेळ लागतो. लवकर सोडला तर पोहोचत नाही, उशिरा सोडला तर गाडी पलीकडं उडते. बरोबर जमलं की पुढची चाकं शेंडा ओलांडतात, गाडी एक क्षण थांबल्यासारखी होते, बॉनेट आभाळातून खाली येतं आणि पुढचा उतार दिसतो. तो क्षण मला अजून दरवेळी आवडतो.

उतरताना सरळ, खालचा गिअर, ब्रेक नाही. शेपटी फिरायला लागली तर स्टेअरिंग उताराच्या दिशेनं आणि थोडं अॅक्सिलरेटर, गाडी सरळ होते. मनाला हे पटत नाही, घाबरल्यावर हात वरच्या बाजूला ओढतात, माझे ओढले गेलेच होते. म्हणून लहान उतारावर लीडला शेजारी बसवून हे मुद्दाम करून घ्या.

चढ पूर्ण झाला नाही तर, आणि सुरुवातीला निम्म्या वेळा होत नाही, वर वळायचं नाही. कधीच नाही. गाडी आडवी झाली की लोळते. पुढं जायचं बंद झालं की लगेच पाय काढा, चाकं फिरवत बसू नका, रिव्हर्स टाका आणि आरशात आपलेच ठसे बघत त्याच ठशांवरून सरळ खाली या. खाली येऊन परत थोडा जास्त वेग घ्या.

थांबायला ब्रेक मारायचा नाही. ब्रेक मारला की चारी चाकांपुढं वाळूची पाचर बसते आणि पुन्हा निघताना तीच अडवते. पाय काढला की वाळू स्वतःच गाडी थांबवते. शक्य तिथं नाक उताराकडं ठेवून थांबा. आणि टेकाडाच्या मागच्या खळग्यात थांबायचं नाही, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

दुपारी बारा-एकला अजून एक गोष्ट होते जी कुणी आधी सांगत नाही. सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात आणि सगळं वाळवंट सपाट दिसायला लागतं, पुढं तीन मीटरचा खड्डा असला तरी कळत नाही. सकाळी आणि चारनंतर प्रत्येक कडेची सावली पडते, त्या सावलीवरून रस्ता वाचायला शिका.

कॉन्व्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ओळीत, मागची गाडी आरशात दिसलीच पाहिजे, ती तुमची जबाबदारी. दिसेना झाली की थांबा आणि रेडिओवर सांगा. पुढची गाडी टेकाड ओलांडून बाजूला झाली असं लीडनं सांगेपर्यंत चढायचं नाही.

अडकल्यावर

पाय काढा. बस, पहिलं काम एवढंच. चाकं फिरवलीत की प्रत्येक सेकंदाला गाडी खाली जाते आणि शेवटी पोटावर बसते. उतरा, खाली वाकून बघा. पोट टेकलेलं नसेल तर चाकांपुढची वाळू हातानं बाजूला करा, हवा दोन-तीन पॉइंट कमी करा, आणि रिव्हर्स-पुढं, रिव्हर्स-पुढं असं हलकं झुलवत बाहेर या, बऱ्याचदा मागंच निघते कारण मागचा ट्रॅक दाबलेला असतो. पोट टेकलं असेल तर उकरण्याशिवाय इलाज नाही, आणि नीट उकरायचं, पोटाखालून सगळी वाळू काढेपर्यंत. घाई करून अर्धवट उकरलं की दुप्पट वेळ जातो. ओढायची वेळ आली तर पट्ट्यावर मधोमध चादर नाहीतर जाकीट टाका, आणि सगळे पट्ट्याच्या दीडपट लांबीच्या बाहेर उभे करा. ओढणारा कोण आणि इशारा देणारा कोण हे आधी ठरवा, इशारा एकानंच द्यायचा.

टायर रिममधून सुटला तरी घाबरू नका. फळीवर जॅक, गाडी उचला, रिमच्या कडेची वाळू फडक्यानं पूर्ण पुसून काढा, हातानं टायर जागेवर बसवा आणि कॉम्प्रेसर लावा, "टप" असा आवाज येतो तेव्हा बसला.

तीन फोनपैकी एक अथणीच्या पोराचा होता, तो वाळूत नाही, सबख्यात रुतला होता. सबखा म्हणजे मिठाचा सपाट पट्टा, वरून खडखडीत पांढरा, खाली ओला चिखल. उन्हाळ्यात तळं आटतं, वरून तडे गेलेलं असतं, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत, तसं. त्याला दुसऱ्या गाडीनं ओढायला गेलं तर तीही जाते. पांढरट सपाट दिसलं आणि त्यावर ताजे ठसे नसतील तर वळसा घाला. खरंच संकट असेल, जखमी असेल, तर तिथं ९९९, आणि गाडी सोडून चालत जायचं नाही.

बेळगावात बसून काय होतं

बरंच होतं. दोन-तीन मित्रांसोबत ३५ वरून १५ आणि परत ३५, गेज घेऊन पाच-सहा वेळा करा, हात बसतो. एखाद्या चढाच्या कच्च्या रस्त्यावर नुसता आरशात बघून सरळ रिव्हर्स येण्याचा सराव करा, वाळूत जीव वाचवणारी ही एकच कला आहे जी घरी शिकता येते. चिकोडीकडं कुणाचं शेत असेल तर एप्रिलमध्ये नांगरट झाल्यावर, विचारून, त्यात हळूहळू गाडी घाला, ब्रेक न लावता थांबणं आणि हलक्या पायानं निघणं तिथं छान कळतं. पाऊस पडला की मात्र नको, काळी माती चाकाला अशी चिकटते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. खानापूरच्या जंगलात आणि भीमगडकडं हे प्रयोग अजिबात नकोत.

थार किंवा जिम्नी घेऊन जैसलमेरला सम नाहीतर खुरीला जायचं असेल तरी शिकवणी हीच, फक्त बेळगावपासून साधारण दीड हजार किलोमीटर आहे म्हणून तीन-चार गाड्या आणि एक जाणता माणूस बरोबर हवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. जवळच डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, तिच्या आत गाडी घालायची नाही.

आणि एक लक्षात ठेवा. दुबईकडं वाळूत जो घाफ नावाचं झाड दिसतं, त्यांचा राष्ट्रीय वृक्ष, तो म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जी बन्नी वाटतो तीच. त्याच्या मुळावरून किंवा फांद्या मोडत गाडी नेऊ नका. पहिल्यांदा दुबईकडच्या लहबाबच्या तांबड्या वाळूत मी तो बघितला तेव्हा खानापूरच्या तांबड्या मातीत उभा आहे असंच वाटलं, दोन्हीकडं तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचाच.

डांबरी रस्ता आला की पहिलं काम हवा परत ३५. पंधरावर हायवेला ऐंशी-शंभरनं गेलात की साइडवॉल तापून टायर फुटतो. घरी गेल्यावर गाडी खालून धुवा, ब्रेकमधून वाळू काढा, आणि एअर फिल्टर काढून वर्तमानपत्रावर हलकेच आपटा. माझ्या पहिल्या ड्राइव्हनंतर त्यातून ओंजळभर बारीक तांबडी वाळू निघाली होती.